ट्रम्पेटवाल्याचे खांदे

तिरोड्याजवळच्या एका गावात खेमराज मेश्राम राहतो. ओमेशच्या बँडमध्ये तो ट्रम्पेट वाजवतो. वय पन्नाशीकडे झुकलेलं, पण वरातीत नाचणारी पोरं अजूनही त्याच्याच पुढ्यात घोळका करतात.

लग्नसराई लागली, की त्याच्या ओठाचा कोपरा झिणझिणायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथे पाण्यानं भरलेले बारीक फोड उठायचे. त्यावर तापलेलं पितळ टेकवायचं म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. सूर घसरायचा. एका वरातीत नवरदेवाच्या मामानं सगळ्यांदेखत म्हटलं, "या बाजेवाल्याले का रोग झाला गा? लेकरायले दूर ठेवा." त्या दिवसापासून खेमराज तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरू लागला. पानठेल्यावर जाणंही त्यानं सोडलं.

शेवटी बायको, रेणू, त्याला ओढतच तिरोड्याच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी ओठ पाहिला. "हा हर्पीस आहे. पुष्कळ लोकांच्या अंगात असतो, लहानपणीच शिरलेला. एरवी नसांमध्ये झोपून राहतो. ऊन, जागरण, थकवा, मनावरचा ताण यांनी उठतो. पुरता जात नाही, पण आवरता येतो. झिणझिण सुरू झाली की लगेच या गोळ्या घ्या. आणि फोड असताना ट्रम्पेट कुणाला देऊ नका, लेकरांचे मुके घेऊ नका."

मग त्यांनी त्याच्या खांद्यांवर हात ठेवला. "हे काय, दगड की काय? आणि दात का आवळलेत?"

"मी तं आराम करून राहिलो, मॅडम," खेमराज म्हणाला.

रेणू फस्सकन हसली. "हे झोपेतही असेच राह्यतेत!"

"मग रोज थोडा व्यायाम करा," बाई म्हणाल्या. "अंग सैल पडलं, झोप लागली, की बरं वाटेल."

'थोडा' हा शब्द खेमराजच्या कानात शिरलाच नाही. तो जिममध्ये गेला आणि विशीतल्या पोरांशी चढाओढ करत वजनं उचलू लागला. तोंड लाल, मानेच्या शिरा टरारलेल्या. आठवडा संपायच्या आत अख्खा ओठ सुजून आला. तसाच तणतणत तो दवाखान्यात गेला.

"तुमचा व्यायाम पाहा, का करून ठेवलं यानं!"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अहो, अंगाला जबरदस्तीनं राबवलं तुम्ही. दमून पडाल इतकं नको. तुम्हाला लहानपणी काय आवडायचं?"

"तलावात पोहनं," तो जरा लाजूनच म्हणाला.

फोड सुकल्यावर तो सकाळी गावच्या तलावात उतरू लागला. घाई नाही, शर्यत नाही. पाण्यावर उताणा पडला की खांदे आपोआप खाली यायचे. रेणू तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, चालत जायची आणि त्याचे खांदे चढलेले दिसले की ओरडायची, "खांदे!" घरी भात कालवतानाही तेच. "अवो, खांदे!" तो वैतागायचा, मग हसायचा, आणि हसला की सगळंच ढिलं पडायचं.

एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघाली. निळे झेंडे, गुलाल, दुपारचं कडक ऊन. खेमराजनं टोपी घातली होती, ओठाला मलम चोपडलं होतं. गर्दी वाढली तसे त्याचे खांदे कानाकडे चढू लागले. रेणूनं ओमेशला आधीच सांगून ठेवलं होतं. ओमेश झांजा थांबवून ओरडला, "खेमराज, खांदे!"

नाचणाऱ्या पोरांना वाटलं, बँडवाला नवी स्टेप सांगून राहिला. सगळ्यांनी एकदम खांदे उडवले. मागच्या बायांनी उडवले. एका म्हाताऱ्यानं काठी बगलेत धरून उडवले. खेमराजला हसू आवरेना, फुंक निसटली, ट्रम्पेटमधून भलताच कोंबड्यासारखा आवाज निघाला आणि रस्ताभर एकच हशा पिकला. मग त्यानं पोटभर श्वास घेतला आणि असा सूर लावला, की रेणू, जी आजवर कधी मिरवणुकीत नाचली नव्हती, गर्दीत शिरून नाचू लागली.

त्या उन्हाळ्यात ओठ एकदाही फुटला नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं, "पुढे कधी फुटणारच नाही, असं समजू नका."

आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत ओठाचा कोपरा पुन्हा झिणझिणला. खेमराजनं गोळी घेतली आणि ओमेशला फोन केला, "दोन-चार दिवस मले सोड गा. ओठ उठून राहिला."

"रहा ना बाप्पा, आमी सांभारतो."

संध्याकाळी तो दुपट्टा न बांधता रेणूबरोबर मंडई पाहायला निघाला. बँडवाल्याला मंडई कधी मोकळेपणानं पाहायलाच मिळत नाही. दोघांनी गरम भजी खाल्ली. पानठेल्यावर कुणी विचारलं, "ओठाले का झालं?" तेव्हा त्यानं रोगाचं नाव घेऊन सांगितलं. तो माणूस म्हणाला, "माह्या बायकोलेही येते राजा, आमाले नावच मालूम नोहोतं." मग खेमराज तिथंच बाकावर बसून त्याला पोहण्याचं महत्त्व सांगू लागला. रेणू आकाशपाळण्याचं तिकीट काढायला निघून गेली.