वजन विचारणाऱ्या वहिनी

“वजन किती? खरं सांगा.”

वहिनींच्या गाडीचं दार उघडलं की आधी हा प्रश्न यायचा. त्याआधी पाय आत टाकायचा नाही. आपण आकडा सांगायचा, त्या आपल्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि मग कोणी डावीकडे बसायचं, कोणी उजवीकडे, ते ठरायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा फणकाऱ्यानं म्हणाल्या, “बाईमाणसाला वजन विचारतात का हो?”

“मी तर तराजूलाही विचारते, काकू,” वहिनी म्हणाल्या. “तोसुद्धा खोटं बोलून राहतो.”

त्या वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. मंडईत त्या नुसत्या लांबून दिसल्या तरी काही पारडी आपोआप सरळ होतात, असं त्यांचे यजमान सांगत. माहेर भंडाऱ्याकडचं. पुण्यात अर्धं आयुष्य गेलं, पण बोलण्यातलं ‘करून राहिले’ काही गेलं नाही. विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहत. तेव्हा आयटीतल्या मुलांमुळे सोसायटीत सारख्या नव्या गाड्या येत होत्या, पार्किंगवरून भांडणं होत होती. वहिनींची गाडी त्या सगळ्यांत लहान आणि जुनी. पण चाकांत हवा किती, हे रोज मापून बघणाऱ्या त्या एकट्याच. डिकीत पायानं मारायचा पंप असे. मागे दोन जड माणसं बसणार असली की त्या उतरून मागच्या चाकांत हवा वाढवत. आपल्यापैकी कितीजण हे करतात, तुम्हीच सांगा.

मी एका कंपनीत कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब, बघायचो. मला वजन विचारलं तेव्हा मी “साडेएकोणऐंशी” असं सांगितलं. त्या अर्ध्या किलोमुळे आमची मैत्री झाली.

यजमानांना आम्ही साहेब म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. कालव्याची रेघ पट्टीशिवाय ओढली तरी पट्टीनं ओढल्यासारखी येते, असा त्यांचा लौकिक. बोलणं कमी, पण जे बोलतील ते टोचणारं. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा, आणि कमरेवर अंगाचा तोल राहीनासा झाला. खुर्चीत बसवलं तर बसत. पण खुर्ची जरा हलली की साहेब उजवीकडे कलायचे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हात यायचा असेल तर आत्ता, या काही महिन्यांत. त्यासाठी नारायण पेठेतल्या केंद्रात नियमानं जायला हवं. तिथली यंत्रं काही घरी येणार नव्हती. रिक्षात त्यांना बसवणं अशक्य होतं. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर साहेब एकेक शब्द जुळवत म्हणाले, “त्यातून... एकदाच... जाईन.”

उरली ती वहिनींची छोटी गाडी.

पहिल्याच आठवड्यात चौकात डावं वळण घेताना साहेब सरळ वहिनींच्या हातावर आणि गिअरवर कोसळले. गाडी दुभाजकाला चाटून थांबली. मागच्या ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला नसता तर पुढचं लिहायला काही राहिलं नसतं. त्यानंतर वहिनी डाव्या वळणावर डावा हात गिअरवरून काढून साहेबांच्या छातीपुढे आडवा धरू लागल्या. एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातावर नवरा, आणि गिअर कोणाकडेच नाही. हे चालणारं नव्हतं. गाडीचा पट्टा माणसाला पुढे जाऊ देत नाही, पण बाजूला कलताना त्याचा उपयोग नसतो. म्हणून एके दिवशी त्यांनी आपल्या ओढणीनं साहेबांना सीटच्या पाठीशी बांधलं.

सिग्नलला शेजारी एक मोटारसायकल उभी राहिली. मागे बसलेला पोरगा वाकून बघून म्हणाला, “काकू, काका पळून जातात का?”

 घरी आल्यावर, ओढणी सोडून होईपर्यंत, साहेब भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, “मी माल नाही.” आणि त्यांनी गाडीत बसणं बंद केलं.

तीन आठवडे गेले. केंद्रातून फोन येत होते. साहेबांची बोटं आत वळायला लागली होती. वहिनी रोज संध्याकाळी ती एकेक करून उघडत, आणि सोडली की ती परत मिटत. मी एकदा हे पाहिलं आणि पुन्हा त्या वेळी त्यांच्याकडे गेलो नाही.

चौथ्या मजल्यावर आयटीतला एक मुलगा राहायचा. त्याचीही गाडी तीच, वहिनींसारखी छोटी. पण त्यानं तिला मोठ्या व्यासाची अलॉय चाकं आणि रुंद, बुटके टायर बसवले होते. जिन्यात भेटेल त्याला तो सांगायचा, “हँडलिंग बघा काका, रुळावर चालल्यासारखी!” आम्ही हसायचो. वहिनी हसल्या नाहीत. त्या त्याला म्हणाल्या, “मला एक चक्कर मारून आण.”

आधी वहिनींनी त्याला आपली जुनी गाडी चालवायला लावली आणि स्वतः डावीकडे बसल्या. मग त्याच्या गाडीत बसल्या. वळणं तीच, वेगही तोच. मी मागे होतो. दोन्ही वेळा वहिनींनी हात मांडीवर टाकले, मान सैल सोडली आणि अंग अगदी ढिलं केलं. साहेब बसत, तसं. पहिल्या गाडीत चौकातल्या वळणावर त्या मुलाच्या खांद्यावर आदळल्या. दुसऱ्या गाडीत कलल्या, पण थांबल्या.

उतरल्यावर हळूच म्हणाल्या, “भाऊ, याच्या गाडीत मी पडले नाही.”

आम्ही नाना पेठेत टायरच्या दुकानात गेलो. टायरवर लिहिलेले आकडे मी तोवर नीट वाचले नव्हते. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच. तिसरा आतल्या चाकाचा व्यास. भिंत उंच आणि मऊ असली की वळणावर ती वाकते आणि गाडी झुलते. भिंत बुटकी असली की झुलणं कमी, पण खड्डा सरळ पाठीत. मी कागदावर जुन्या आणि नव्या चाकाची पूर्ण उंची काढत होतो, कारण ती सारखी राहिली नाही तर वेगाचा काटा चुकतो. दुकानदारानं शेवटी मला विचारलं,

“काका, टायर घ्यायचाय की पेपर सोडवायचाय?”

“दोन्ही,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही भिंत दाबून दाखवा.”

“भिंतीनं सगळं होत नाही, मॅडम. अर्धं झुलणं खालच्या स्प्रिंगचं असतं. आणि हा टायर रुंद आहे. गाडी भरून एकदा बघा, कुठे लागतो का.”

“भरून कशाला? दोघंच तर बसणार.”

मला हे आजही नवल वाटतं. माणसाला वजन विचारल्याशिवाय दार न उघडणाऱ्या या बाईनं नव्या चाकांची परीक्षा रिकाम्या गाडीत घेतली. साहेब बसायला तयार नव्हते, आणि सगळं ठीक झाल्याशिवाय त्यांना विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एकट्या जाऊन त्या आळंदी रस्त्यावर वळणं घेऊन आल्या आणि खूश होत्या.

साहेबांनी खिडकीतून चकाकणारी चाकं पाहिली.

“म्हातारीला... बूट?”

“हो जी.”

“कोण... बसणार?”

“तुम्ही. बांधणार नाही. शब्द देऊन राहिले.”

 साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “भाऊ मागे. हात... लावायचा नाही.”

म्हणजे मी असायचं, पण नसल्यासारखं. त्या सकाळी मी साहेबांच्या मागच्या सीटवर बसलो आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. वहिनींनी मला वजन विचारलं नाही. त्यांच्या ओठांवर घाम होता. मीही स्वतःहून आकडा सांगितला नाही, ती वेळ नव्हती.

चौकातलं डावं वळण आलं. वहिनींचा डावा हात सवयीनं गिअरवरून उठला आणि हवेतच थांबला. साहेबांचा खांदा उजवीकडे कलला. माझे हात गुडघ्यांवरून सुटले होते. खांदा आणखी कलला, आणि थांबला. गाडी सरळ झाली तसे साहेबही सरळ झाले.  पुढच्या खड्ड्यात असा धक्का बसला की साहेबांच्या तोंडून आवाज निघाला. वहिनींनी वेग आणखी कमी केला. मागून हॉर्न वाजत होते. त्या आरशात बघतही नव्हत्या.

येरवडा मागे पडला. पुलाच्या अलीकडे उजवं वळण होतं, आणि वळणातच गतिरोधक. गाडी त्यावर चढून खाली आदळली आणि बरोबर माझ्या बैठकीखालून खर्रर्र असा आवाज आला. मग जळक्या रबराचा वास.

“काय... घासतंय?” साहेब.

“काही नाही.”

“वजनमापेवाली... ना तू?”

वहिनींनी गाडी कडेला घेतली. मी उतरून पाहिलं. मागचा डावा टायर वरच्या पत्र्याच्या कडेला लागत होता आणि त्याच्या वरच्या काठावर ताजा ओरखडा उठला होता. माझं वजन पडलं की मागची बाजू खाली बसत होती आणि वळणावर टायर पत्र्याला भिडत होता. मी खिडकीपाशी जाऊन तसं सांगितलं. परत घरी नेणं म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. साहेब एकदा घरात गेले की पुन्हा गाडीत बसणार नव्हते.

“मी पलीकडे बसतो,” मी म्हणालो.

“मग डाव्या वळणाला उजवा टायर घासेल,” वहिनी म्हणाल्या.  “टायर फुटला म्हणजे, भाऊ?” त्यांची नजर मागच्या सीटवर गेली. तिथे त्यांची ओढणी घडी करून ठेवलेली होती. दिलेला शब्द मोडायचा नाही, पण जवळ असावी, म्हणून आणलेली. साहेबांनाही ती दिसली असावी.

“भाऊ,” ते म्हणाले, “तुम्ही... उतरा.”

“मी उतरलोच आहे, साहेब.”

“मग... दार लावा.”

मी दार लावलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मागे कोणी नसताना साहेब पडले, तर भर पुलाच्या रहदारीत त्या एकट्या. मला ‘थांबा’ म्हणायचं होतं. पण साहेब समोर बघत होते, काचेतून, रस्त्याकडे, जसा एखादा माणूस आपल्या कामाकडे बघतो. मी बाजूला झालो.

गाडी पुलावर गेली. मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती. पूल संपल्यावर डावीकडे उतार होता. गाडी वळायला लागली. साहेबांचं डोकं उजवीकडे सरकलं. आणखी सरकलं. मध्ये एक बस आली आणि मला काही दिसेना. बस गेली तेव्हा रस्त्यावर गाडी नव्हती.

रिक्षा मिळेपर्यंत माझं काय झालं ते लिहीत नाही. नारायण पेठेतल्या केंद्राच्या दारात गाडी उभी होती. वहिनी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसल्या होत्या. साहेब ताठ होते, आणि चिडलेले.

“पुण्यात,” ते मला म्हणाले, “रस्ते कोण... आखतं?”

त्यानंतर ते नेमानं जाऊ लागले. रुंद टायर वहिनींनी बदलले नाहीत. मागे कोणी बसवायचंच नाही, असा नियम केला. त्यामुळे सोसायटीत वजनाचा प्रश्नही बंद झाला. काकूंनाच त्याचं वाईट वाटलं. “आता विचारतही नाहीत मेल्या,” असं त्या म्हणत. येरवड्यापासून पेठेपर्यंतचा प्रत्येक खड्डा वहिनींना पाठ झाला होता. महापालिकेनं एखादा बुजवला तर त्या बावचळायच्या.

पावसाळ्यानंतर एकदा कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून केंद्रात डोकावलो. साहेब वजनकाट्यासमोर उभे होते. कठडा सोडला, एक पाय काट्यावर ठेवला, मग दुसरा. आजारानंतर त्यांचं वजन कोणी करू शकलं नव्हतं, कारण त्यांना एकट्यानं उभं राहता येत नव्हतं. वहिनी भिंतीशी थांबल्या होत्या. 

“वजन किती?” त्या म्हणाल्या. “खरं सांगा.”

“काटा... तुझ्याच खात्याचा,” साहेब म्हणाले. “तूच वाच.”

वहिनी निवृत्त झाल्या आणि दोघं भंडाऱ्याला जायला निघाले. सामान टेम्पोनं पुढे गेलं होतं. त्या सकाळी आम्ही सगळे खाली जमलो. साहेब डाव्या सीटवर बसले होते. मी दाराशी गेलो तर म्हणाले, “बसा भाऊ, चौकापर्यंत सोडतो.”

“वजन?” वहिनींनी विचारलं.

“ऐंशी झालंय.”

“मग चालत या.”

सगळे हसले. गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत गेली, आणि मीही साहेबांच्या खिडकीशेजारून चालत गेलो. आमच्या फाटकातून बाहेर पडलं की लगेच डावं वळण आहे. वहिनींनी स्टिअरिंग फिरवायला घेतलं आणि त्यांचा डावा हात गिअरवरून उठून साहेबांच्या छातीपुढे गेला. इतक्या महिन्यांत ती सवय गेली नव्हती. तेव्हा साहेबांचा उजवा हात मांडीवरून वर आला. सावकाश, थोडा थरथरत, दोन बोटं अजून मिटलेली. त्यानं वहिनींचा हात धरला, खाली आणला आणि परत गिअरवर ठेवला.

गिअर पडल्याचा आवाज आला, आणि गाडी वळली.