दोन्ही वाट्यांत पेढे

२२ नोव्हेंबर. सकाळपासून इस्त्री करते आहे. हात कामात असले की जुनी प्रकरणं डोक्यात येतात, आणि कॉव्हेंट्रीतलं हे प्रकरण तर हमखास येतं. नावं देणार नाही.

तेव्हा मी तिथल्या पोलिसात होते. सोमवारी एका मिडवाइफचा, म्हणजे सुईणीचं काम करणाऱ्या नर्सचा, फोन आला. तिच्याकडे एक इंग्रज सरोगेट बाई तपासणीला येत होती. एका मराठी डॉक्टरांचं आणि त्यांच्या बायकोचं मूल पोटात वाढवत होती. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये मुलगी दिसली आणि डॉक्टरांचे मेसेज सुरू झाले: हे आमचं मूल नाही, क्लिनिकने गर्भ बदलला, काढून टाक, नाहीतर तूच सांभाळ. बाईने घाबरून गुरुवारची गर्भपाताची वेळ घेतली होती.

मुलगा हवा म्हणून गर्भ निवडायला इथे इंग्लंडमध्ये बंदी आहे, म्हणून जोडपं परदेशी क्लिनिकमध्ये गेलं होतं. त्याबद्दल मी काही करू शकत नव्हते. धमकावणं मात्र माझ्या हद्दीतलं. शिवाय जन्मानंतरही कायद्याने आई सरोगेटच असते. जोडप्याने पाठ फिरवली तर मूल तिच्याच गळ्यात.

"माझी दोन आहेत," सरोगेट मला फोनवर म्हणाली. "परक्यांचं तिसरं कसं सांभाळू?"

डॉक्टरांना पोलिस स्टेशनला बोलावलं. त्यांचा वकील शेजारी बसलेला, तरी ते मराठीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्यातल्या. समजून घ्या."

"रेकॉर्डिंग चालू आहे, डॉक्टर. इंग्रजीत बोला."

त्यांनी मुलाचा गर्भ निवडल्याचा कागद समोर ठेवला. माणूस उद्धट होता, पण खोटं बोलत नव्हता.

"चूक झाली म्हणता, मग क्लिनिकला जाब विचारलात?"

"त्यांच्याशी बोलणं मिसेस करते."

दुपारी सरोगेटचा सविस्तर जबाब घ्यायला गेले. तिने फोनवर फोटो दाखवले. स्कॅनच्या आधीच, पाचव्या महिन्यात, जोडप्याने तिचं डोहाळजेवण केलं होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, समोर झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा.

"मी एक उघडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी नंतर किचनमध्ये गुपचूप खाल्ली. तीच मिठाई. माझ्या डाएटचं तिथेच वाटोळं झालं."

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, दोन्ही वाट्यांत पेढेच होते. मुलगा आहे याची ज्याला खात्री, तो बर्फीला कशाला घाबरेल? निघाली तर हसून सोडून देईल. खबरदारी घेतली होती ती वेगळं काही माहीत असलेल्याने.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या बायकोला त्यांच्या घरी एकटीला भेटले.

"वाट्या कुणी भरल्या?"

"मीच, ताई."

"मुलगी आहे हे तेव्हाच माहीत होतं तुम्हाला."

तिने उठून खोलीचं दार लावलं. मग म्हणाली, "गर्भ ठेवायच्या सकाळी क्लिनिकचा फोन आला. मुलाचा टिकला नाही, मुलीचा एकच उरलाय, थांबायचं का? मी एक्केचाळीस वर्षांची. कितीदा थांबू? म्हटलं, ठेवा."

"आणि घरी?"

"घरी सांगितलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं."

क्लिनिकचं पत्र तिच्या ईमेलमध्ये होतं. मूल दोघांचंच होतं.

"ह्यांना कोण सांगणार?"

"तुम्ही. आजच, डॉक्टर घरी आले की. मी बाहेर हॉलमध्ये थांबते."

आत आरडाओरडा झाला नाही. डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मी त्यांना मेसेजबद्दल लेखी ताकीद दिली. त्यांनी न वाचताच सही केली.

तोवर मी आवाज चढवणाऱ्यावर नजर ठेवत असे. त्यानंतर घरात गप्प कोण आहे ते आधी पाहू लागले. तिच्यावर मला राग धरता आला नाही. पण तिच्या गप्प बसण्याची किंमत तिसरीच बाई मोजत होती, हेही विसरता आलं नाही.

बुधवारी सकाळी बायकोच्या परवानगीने पत्राची प्रत घेऊन सरोगेटच्या घरी गेले. मूल त्यांचंच आहे एवढं सांगितलं, आणि पुढचा निर्णय तुझा, असंही. तिने पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे निदान एकीला तरी ही हवी होती?"

"हो."

तिने हॉस्पिटलला फोन लावला आणि गुरुवारची वेळ रद्द करायला सांगितली. मी आमच्या चहाचे कप विसळून ठेवले आणि पोलिस स्टेशनला गेले.