मावशीच्या पायाखालचा ब्रेक

माझी मावशी लोकांना गाडी चालवायला शिकवते. गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक असतो, म्हणून शिकणाऱ्यांवर ती बिनधास्त खेकसते, "घाबरता काय? समोर बघा. ब्रेक माझ्याकडे आहे."

सांधेदुखीसाठी ती कित्येक वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतेय. तोंड भोपळ्यासारखं गोल झालंय. त्यावर तिचं म्हणणं, फुकटात सुरकुत्या गेल्या.

पण खांद्यावरची गाठ काढायची ठरली आणि बाईसाहेबांची तंतरली. डॉक्टरीण तिच्याच हाताखाली गाडी शिकलेली. "जिला रिव्हर्स घेता येत नव्हता, ती मला कापणार?"

त्या धास्तीत तिने काय करावं? ऑपरेशनच्या वेळी अंगात औषधबिषध नको म्हणत कुणालाही न विचारता गोळ्याच बंद केल्या. पुढे अंथरुणातून उठवेना, तेव्हा मी तिला उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण भडकली. "या गोळ्या अशा एकदम सोडतात का? जिवावर बेतलं असतं!" ऑपरेशन पुढे ढकललं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मावशी सावरली.

शेवटी तो दिवस उजाडला. खांदा तेवढा बधिर केला होता, जीभ चालूच होती. मी उशाशी उभा होतो. डॉक्टरणीने चाकू उचलला, मावशीची जीभ थांबली आणि तिचा उजवा पाय टेबलाच्या कडेवर करकचून दाबला गेला.

"मॅडम, पाय सैल सोडा," डॉक्टरीण मान वर न करता म्हणाली. "समोर बघा. ब्रेक माझ्याकडे आहे."