निर्लेखित शवपेटी

ताहेरभाईंना सरकारी रुग्णालयाच्या कल्याण समितीवर घेतलं, ते त्यांचं मत हवं होतं म्हणून नव्हे. नागरिकांमधला एक सदस्य लागतो, तो मुसलमान असला तर यादी बरी दिसते, आणि फ्रीज-कूलर दुरुस्त करणारा माणूस कागदांत नाक खुपसणार नाही, असा अध्यक्ष खुशालरावांचा अंदाज होता. अकोला-अमरावती रस्त्यावरच्या त्या गावात ताहेरभाईंचं पत्र्याचं दुकान तीस वर्षांचं. शाळा आठवीपर्यंत, पण कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून ते बिघाड सांगत.

पहिल्या बैठकीत समोसे आणि सह्या झाल्या. दुसऱ्या बैठकीत शवागारातल्या, मयत थंड ठेवायच्या पेटीचा विषय निघाला. ती चार महिने बंद होती. कुणी दगावलं की नातेवाईक बर्फाच्या लाद्या शोधत फिरत, नाहीतर मयत घेऊन अकोला गाठत. साडेसहा लाखांची नवी पेटी घ्यायचा ठराव टाईप होऊनच आला होता.

"एकडाव मी पाहू का?" ताहेरभाई म्हणाले.

"पाहा की," अधीक्षक डॉक्टर हसून म्हणाले.

फक्त कॉम्प्रेसर चालू करणारा रिले जळाला होता. ताहेरभाईंनी पदरचे नऊशे रुपये घालून नवा बसवला. संध्याकाळी पेटी गारेगार झाली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तर पेटीची वायर कापलेली आणि झाकणावर खडूची फुली.

लेखापाल शेषरावांनी त्यांना समजावलं, "भाई, ती पेटी आपण मागच्याच महिन्यात निर्लेखित केली. म्हणजे कागदावर ती भंगार झाली. तिच्यात मयत ठेवली आन् काही झालं, तर जबाबदार कोन?"

"मेलेल्या मानसाले अजून काय होनार हाये?"

शेषरावांनी नव्या पेटीच्या ठरावाचं रजिस्टर सहीसाठी पुढं सरकवलं. ताहेरभाईंनी सही केली नाही.

तरी नवी पेटी आली. तिला लागणारी जास्त दाबाची वीज शवागाराच्या खोलीत नव्हती. वायरिंगचा खर्च वेगळ्या खात्यातला, म्हणून फाईल अमरावतीला गेली. प्लॅस्टिक गुंडाळलेली पेटी व्हरांड्यात राहिली आणि कर्मचारी तिच्यावर जेवणाचे डबे ठेवू लागले. ही माणसं चोरसुद्धा धड नाहीत, असं ताहेरभाईंना वाटलं. कमिशन खाताना भिंतीतलं बटण तरी पाहायचं.

पुढच्या समितीत त्यांचं नाव नव्हतं. जुनी पेटी लिलावात निघाली, ती त्यांनी अकरा हजारांत उचलली.

"मुर्द्याची पेटी घरी आनली? दिमाग ठिकानावर हाये ना?" बायको निखतनं विचारलं. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच पेटी फिनाईलनं धुऊन काढली. ताहेरभाईंनी कापलेली वायर जोडली. मग ज्याच्या घरी गरज पडेल, जात-धर्म न विचारता, पेटी टेम्पोतून जाऊ लागली. भाडं काहीच नाही.

मे महिन्यात अधीक्षकांचा फोन आला. "ताहेरभाई, अपघातातली बेवारस बाई आहे. पोलीस म्हणतात, तीन दिवस ठेवा. तुमची पेटी मिळेल का?"

ताहेरभाईंच्या तोंडाशी बरंच आलं. पण बाई त्रेचाळीस अंशांत पडून होती. ते पेटी घेऊन गेले. नव्या पेटीवरचे डबे स्वतः खाली ठेवले, ती ढकलून जागा केली आणि आपली पेटी सुरू केली.

डॉक्टर खुर्चीतून उठून आले, हे नवलच. "पुढच्या समितीत तुमचं नाव घालायला सांगतो खुशालरावांना."

"नका सांगू. तुमच्यासंग बसाची मले लाज वाटते," ताहेरभाई म्हणाले. आवाज चढवला नाही. डॉक्टर मोबाईल पाहत आत गेले.

तीन दिवसांत बाईचं कुणी आलं नाही. पोलिसांनी तिला नेलं, तेव्हा स्ट्रेचरचा दुसरा दांडा ताहेरभाईंनी धरला. रुग्णालयातर्फे शेषराव आले होते, मयत ताब्यात मिळाल्याच्या पोचपावतीवर पोलिसांची सही घ्यायला.