उचलता येते ती

कोथरूडच्या त्या गॅरेजवाल्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. पहिली मोटरसायकल म्हणून मला पाचशे सीसीचीच हवी होती. त्यांनी फडक्याला हात पुसले, ती गाडी सरळ जमिनीवर आडवी केली आणि म्हणाले, "उचला."

ती तसूभर हलली नाही. मग त्यांनी साडेतीनशेची आडवी केली.

"ताई, पाठीने नको, पायांनी."

ती उठली.

"चालवायला काय, कुणीही चालवतं. पडल्यावर एकट्याला उचलता येते, ती आपली गाडी."

मी तीच घेतली. त्या गॅरेजच्या जागी आता इमारत आहे. मी मात्र दर दसऱ्याला हार घालण्याआधी गाडी आडवी करून उचलते. यंदा मला ती उचलेना. लेकीने एका दमात उभी केली. हाराबरोबर किल्लीही मी तिच्याच हातात ठेवली.