डावखुरा पाव्हणा

दोन हजार अठरा सालची गोष्ट. चैत्राचं ऊन सांगलीच्या त्या फ्लॅटमध्ये पडद्यांतून झिरपत आत येतं आहे, आणि अनुसयाबाई कॉटवर उताण्या पडून आहेत. डोळे मिटलेले, पण झोप अजून दाराशीच घुटमळते आहे. उशाशी नातवाचा लॅपटॉप चालू आहे. त्यात घोड्यांच्या टापा, लांबलचक शीळ, मधूनच गोळीचा आवाज. दिवाळीत उजवं अंग लुळं पडलं, तेव्हापासून त्या एवढंच मागतात, "माझं घोडेवाल्यांचं पिक्चर लाव रे." जेवण मागणं मात्र त्यांनी सोडलं आहे. सून मंजिरी भरवायला बसली की त्या भिंतीकडे तोंड करतात. डाव्या हाताने खा म्हटलं तर, "तो हात कशासाठी असतो ठाऊक आहे ना?" म्हणून डोळे वटारतात. कालपासून पोटात पाण्याखेरीज काही नाही. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आहे, आणि घरात सगळ्यांना ते कळलं आहे. मोठ्याने कुणी बोलत नाही, इतकंच.

शीळ लांब जाते. मग ती लॅपटॉपमधून येईनाशी होते आणि कॉटच्या खालून येऊ लागते.

"वैनी, उठा. खेळ सुरू व्हाया लागलाय."

पायथ्याशी चंद्रा बसली आहे. अनुसयाबाईंची नणंद. तिला जाऊन दोन वर्षं झाली, म्हातारी होऊन गेली. पण आत्ता ती ऐन पंचविशीत आहे. अंगावर दुष्काळातलं ठिगळाचं लुगडं, पापण्यांवर खडीची पांढरी पूड.

"वन्सं, न्यायला आलात का मला?"

"बघू. आधी पिक्चर तर बघा."

मेलेलं माणूस हाक मारायला आलं तर त्याच्यामागे जाऊ नये, हे अनुसयाबाईंना आईने शिकवलेलं आहे. तरी त्या उठतात. पाय हलके झालेत. फक्त उजवा हात ओल्या टॉवेलासारखा लोंबतो आहे.

दार उघडून जिन्यावर पाऊल टाकावं, तर जिना नाही. पिंपरखेलचा माळ आहे, आटपाडीकडचा, त्र्याहत्तर सालचा. विहिरी तळाला गेलेल्या, बाभळींना पानं नाहीत, आणि सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडतं आहे. हातोड्या उठतात, पडतात. बायकांच्या रांगांमधून टोपीवाले घोडेस्वार सावकाश चालले आहेत, आणि कुणीही मान वर करून बघत नाही.

त्या साली मुजावरांनी गावात सिनेमाचा तंबू टाकला होता. गाण्यांच्या पिक्चरच्या रिळांच्या पेट्या त्यांना कुणी देईना, म्हणून नाइलाजाने हे विलायती घोडेवाल्यांचं पिक्चर आणलेलं. लोक उठून जातील अशी त्यांना धास्ती. पण कुणी हललं नाही. पडद्यावर आपलाच माळ होता, आपलीच धूळ, उन्हाने बारीक झालेले आपलेच डोळे. माणसं फार बोलत नव्हती, आणि बोलली ते कळलं नाही तरी काही अडत नव्हतं. कुठून तरी एक परका येतो, गाव छळणाऱ्यांना लोळवतो आणि निघून जातो. बायकांनी त्याचं नाव ठेवलं पाव्हणा. दिवसभर खडी फोडून आलेल्या बायका तेच पिक्चर पुन्हापुन्हा बघायच्या. दगडावर उगारलेला हात कुणावर तरी एकदाचा पडताना बघायला मिळायचा.

आणि तंबूची रीत अशी, की पडदा मधोमध. पुढे पुरुष बसायचे, पडद्याच्या मागे बायका. चित्र दोन्हीकडून दिसायचं, पण मागून उलटं. पुरुषांचा पाव्हणा उजव्या हाताने बंदूक काढायचा आणि बायकांचा डाव्या. घरोघरी यावरून भांडणं व्हायची. बायकांना पुरेपूर खात्री होती, पाव्हणा डावखुरा आहे. चंद्रा तर खडी फोडताना हातोडी डाव्या हातात घेऊन सराव करायची. "उजवा हात सगळ्यास्नी दिसतो वैनी," म्हणायची, "पाव्हण्याचा डावा कुणाला दिसत न्हाई."

आत्ताही तंबू उभा आहे, भर उन्हात, पण आत अंधार. दोघी मागच्या बाजूला जाऊन बसतात. चंद्रा शेंगा सोलून देते. अनुसयाबाई नको म्हणतात.

"अजून रुसवा हाय व्हय?"

"भूक नाही."

"बरं."

पडद्यावर चौघे घोडेस्वार येतात. सगळ्यात पुढच्याला अनुसयाबाई ओळखतात. भैरू, चंद्राचा नवरा. तापलेल्या उलथन्याने तिची पाठ डागणारा. त्याच्यापासून पळूनच ती माहेरी आली होती. तो पडद्यातून सरळ ह्यांच्याकडे बघतो आणि गोळी झाडतो.

कापडाला भोक पडतं. त्यातून पांढरा उजेड भाल्यासारखा आत घुसतो. शेजारची बाई बसल्या जागी पुढे कलंडते आणि तिच्या ओटीतल्या शेंगा लाल होत जातात. दुसरी गोळी, तिसरी. कुणी ओरडत नाही. बायका एकेक करून झोपी गेल्यासारख्या पडतात. पडदा टराटरा फाटतो आणि त्यातून घोडा आत येतो, तोंडाला फेस, खुरांखाली कुणाच्या तरी बांगड्या चुरडल्या जाताहेत. भैरू वाकून चंद्राचे केस मुठीत धरतो.

"चल घरला!"

खरोखर घडलं होतं तेव्हा तो घोड्यावर नव्हता. चालत्या खेळात बायकांच्या बाजूला घुसून त्याने चंद्राला केसांनी ओढलं होतं आणि तिचा उजवा हात पिरगाळून धरला होता. मग चंद्राने डाव्या हाताने पदराखालची हातोडी काढली आणि त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज पुढच्या पुरुषांनाही ऐकू गेला.

पण आज चंद्राचे दोन्ही हात दोराने बांधलेले आहेत. तिच्या कपाळावरून रक्त ओघळून डोळ्यात जातं आहे. हातोडी अनुसयाबाईंच्या पायाशी पडली आहे.

"वैनी, उचला."

"माझा हात गेलाय, वन्सं."

"एकच गेलाय न्हवं? पाव्हणा कुठल्या हातानं मारतो?"

"डाव्या."

"मग?"

"पण पुरुष म्हणतात, उजव्या."

"पुरुषांना कोण इचारतंय हितं! उचला!"

भैरू हसतो. त्याची नजर अनुसयाबाईंच्या लोंबत्या उजव्या हातावर आहे. "ही म्हातारी? हिला घास उचलता येईना!"

हे मात्र त्यांना सहन होत नाही. त्या वाकतात. डाव्या मुठीत दांडा गार लागतो, ओळखीचा लागतो. भैरू बंदूक फिरवतो, गोळी त्यांच्या कानाजवळून जाते, केस जळल्याचा वास येतो. त्या हातोडी खालून वर आणतात, खडी फोडताना कधी आणली नव्हती अशी, आणि त्याच्या जबड्यावर घालतात. दात उडतात. पुन्हा घालतात, खांद्यावर, गुडघ्यावर. तो दगडासारखा मधोमध फुटतो, आत रक्तमांस काही नाही, काळी खडी नुसती. ती घरंगळत त्यांच्या पायावर येते.

तंबू राहिलेला नाही. माळावर वारा आहे. चंद्रा दोर झटकून घोड्यावर बसली आहे.

"मी मागं बसते," अनुसयाबाई म्हणतात. "तयार आहे मी."

चंद्रा खोखो हसते. "पाव्हणा कुणाला मागं बसवून नेतो व्हय? इतकी वर्सं पिक्चर बघून तुम्हाला एवढंबी कळलं न्हाई?"

"वन्सं..."

"एकटाच जातो तो, वैनी. गाव मागं ऱ्हातं."

ती घोडा वळवते. धूळ उठते, पापण्यांवर बसते, आणि धुळीतून मंजिरीचा आवाज येतो.

"आई, दोन घास तरी घ्या."

लॅपटॉप बंद पडलेला. स्टुलावर मऊ भाताची ताटली. अनुसयाबाईंची डावी मूठ घट्ट आवळलेली आहे. सासूबाईंना पुन्हा झटका आला की काय, म्हणून मंजिरी घाबरून बोटं उलगडायला जाते. त्या तिला थांबवतात आणि स्वतःच मूठ उघडतात. तळव्यावर खडीची एक काळी कपची आहे, धारदार, आणि तिच्या कडेला ताज्या रक्ताचा थेंब.

"हे कुठून आलं?"

"ताटली इकडे सरकव," अनुसयाबाई म्हणतात. "भरवू नकोस. मला येतं."

त्या पुढे चार वर्षं जगल्या. पंगतीतसुद्धा डाव्या हाताने जेवायच्या आणि टक लावून बघणाऱ्याकडे डोळे बारीक करून बघायच्या. मुजावरांनी तंबू कधीच मोडून खाल्ला होता. त्यांची मुलं आता लग्नाचे मांडव घालतात. भैरू त्र्याहत्तरनंतर पिंपरखेलच्या वाटेला फिरकला नाही. वाकडा खांदा घेऊन परमुलखात मेंढरं राखता राखता मेला म्हणतात. चंद्रा खडीच्या कामावर पुढे मुकादम झाली, पाचपन्नास माणसांवर ओरडली आणि एका दुपारी झोपेतच गेली. ती कपची मंजिरीने टाकलेली नाही. लॅपटॉपच्या झाकणावर ठेवली आहे, वाऱ्याने उडू नये इतकी ती जड आहे.