गादीखालचं पेव

जाफराबादच्या पेठेतलं भुजंगअप्पांचं किराणा दुकान त्यांच्या वडिलांनी बांधलं. अप्पा तेव्हा लहान होते. काळ्या दगडाचं जोतं, हातभर जाड भिंती, वर मातीचं धाबं. पुढे काढायच्या-घालायच्या लाकडी फळ्या. मागे खिडकी नाही. चोराला वाट नको म्हणून.

गावातली धान्याची पेवं उघड्यावर असत. वडिलांनी मात्र पेव दुकानातच खोदलं आणि त्याच्या तोंडावर बसायची गादी घातली. त्या गादीवर अप्पांचं सगळं आयुष्य गेलं. हैदराबादेहून बी.ए. होऊन आल्यावर मी रोज तिथेच बसायचो. ते मला 'पंडित' म्हणत. माझ्या कविता ऐकता ऐकता गुळावरच्या मुंग्या झटकत.

रझाकारांच्या भीतीने पेठ वऱ्हाडात पळाली. मीही गेलो. अप्पा आणि त्यांची बायको तुळजाबाई राहिले. कुणी विचारलं तर अप्पा गादीवरूनच सांगत, दुकान रिकामं आहे.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौज आली आणि आम्ही परतलो. घरं लुटलेली होती. शेजारची झुंबरबाई उपाशी लेकरं घेऊन ओट्यावर बसली. अप्पांनी गादी उचलली आणि पेवाच्या तोंडावरचा शेणामातीचा लिंपा फोडला.

पेव उघडलं की दिवसभर वारा खाऊ द्यायचा. मग दोराने पेटता कंदील आत सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. आतली हवा माणूस मारते. हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं.

कंदील मी सोडला. विझला. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला.

"राकेलात पाणी हाय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, उद्या उतरू."

"पंडित, तेल तुम्ही विकता का मी? समद्या पेठेचे कंदील फडफडून राह्यले."

ते खरं होतं. त्या तेलावरून लोक त्यांना शिव्या देत.

"अहो, जल्दी कशाची?" तुळजाबाई आतून ओरडल्या.

"झुंबरे, पदर पसरून ठिव," म्हणत ते दोर धरून उतरले.

"चांगली हाय गं ज्वारी," खालून आवाज आला. मग दोर माझ्या हातात सैल झाला.

आम्ही हाका मारत राहिलो. खाली कुणाला उतरता येईना. शेवटी माणसांनी मागची भिंत फोडली. त्या खोलीत पहिल्यांदाच वारा आला. अप्पांना वर काढलं तेव्हा त्यांच्या मुठीत ज्वारी होती. अंगात जीव नव्हता.

तुळजाबाईंनी तोच कंदील उचलला. पेटवून अप्पांच्या उशाशी ठेवला. मी त्याच्याकडे बघत बसलो. तेल तेच होतं. ज्योत फडफडली, पण विझली नाही.